मागून येणारे

केंद्रातल्या सगळ्या टाक्या घासून लख्ख केल्या होत्या, पाणी खळखळत होतं, आणि तरी निम्म्या टाक्यांत मासा नव्हता. मावशी सकाळपासून त्या रिकाम्या टाक्यांभोवती येरझाऱ्या घालत होत्या. मधेच झडप तपासायच्या, मधेच पाण्यात हात घालून गारवा बघायच्या, नाहीतर उगाच कठडा पुसायच्या. जाळेवाला कोपऱ्यात बसून जाळ्याची भोकं सांधत होता. त्यांच्याकडे वळून वळून बघून त्याची मान अवघडली.

"मावशी, जरा बूड टेका कुठेतरी. तुम्हाला बघून माशांना घेरी यायची."

"रिकाम्या टाकीत कुठला मासा आलाय घेरी यायला?"

"तेच म्हणतोय मी. तुम्हाला घाबरूनच येत नाहीत ते."

मावशींनी एकदाच त्याच्याकडे पाहिलं. तो मुकाट्याने भोकांकडे वळला.

मावशी म्हणजे या मत्स्यबीज केंद्राच्या प्रमुख. दारावरच्या पाटीवर त्यांचं नाव होतं, हुद्दाही होता, पण ती पाटी कुणी वाचत नसे. त्यांच्या बहिणीची मुलगी लहानपणी सुट्टीत इथेच असायची, 'मावशी, मावशी' करत टाक्यांच्या कठड्यांवरून पळायची. तिचं ऐकून ऐकून सगळं केंद्रच त्यांना मावशी म्हणायला लागलं.

केंद्र धरणाच्या पायथ्याशी होतं. ते तिथे का होतं, हे आधी सांगायला हवं. या नदीत परत्या नावाचा मासा असतो. नदीच्या वरच्या अंगाला, उथळ, गार, खडेरी पाण्यात तो जन्मतो. बोटाएवढा झाला की प्रवाहाबरोबर खाली खाली जात मोठ्या तळ्यात पोचतो आणि तिथे खाऊनपिऊन दांडगा होतो. अंडी घालायची वेळ आली की उलटा फिरतो आणि प्रवाहाशी झटापट करत जन्मल्या जागी परत येतो, म्हणून परत्या. मधे धरण आलं आणि त्याची वाट अडली. म्हणून मग केंद्र आलं. धरणाच्या भिंतीशी आलेले मासे सापळ्यात घ्यायचे, मादीची अंडी आणि नराचं पांढरं बीज हलक्या हाताने काढून एकत्र करायचं, पिल्लं वाढवायची आणि ती बोटुकली झाली, म्हणजे बोटाएवढी झाली, की नदीत सोडायची.

हे काम मावशींइतक्या झपाट्याने कुणी करत नसे. हंगामाचा पहिला परत्या सापळ्यात शिरला की भोंगा वाजायचा. पहिल्याच लाटेतले सगळ्यात दांडगे मासे निवडायचे, पाच नरांचं बीज एकाच पातेल्यात ओतायचं, त्यात अंडी घालून पिसाने ढवळायचं, की पुढचं पातेलं. बाकीच्या केंद्रांत जाळी अजून दोरीवर वाळत असायची, तेव्हा मावशींच्या टाक्या भरून सापळा बंदही झालेला असायचा. मावशींना याचा अभिमान होता आणि तो त्यांनी कधी लपवला नाही. आळसावर त्यांचा राग होता. बस थांब्यावर उभ्या राहिल्या तरी बसला उशीर झाला म्हणून त्या पुढच्या थांब्यापर्यंत चालत जायच्या, आणि बस त्यांना मधल्या मधे गाठून पुढे निघून जायची.

आणि मग गेल्या वर्षी टाक्यांत बुरशी शिरली.

माशांच्या पाठीवर आधी कापसाचा तंतू चिकटल्यासारखा दिसला. मग पुंजके. अशी बुरशी पूर्वीही यायची. काही मासे दगावायचे, बाकीचे तगायचे, चार लोक हळहळायचे आणि काम पुढे चालायचं. या वेळी कुणीच तगलं नाही. एका टाकीत मेले तसेच दुसऱ्या टाकीत, तसेच तिसऱ्या टाकीत, सगळे एकाच चालीने. जाळेवाला दिवसभर बादल्या भरत होता. 

तेव्हा भाची आली. कठड्यांवरून पळणारी ती मुलगी आता शहरातल्या प्रयोगशाळेत काम करत होती. माशाच्या परांचा नखाएवढा तुकडा बघून तो कुणाचा कोण लागतो, ते तिला सांगता यायचं. मावशी तिला लहानपणापासून बोटुकली म्हणत, आणि ती मावशींपेक्षा वीतभर उंच झाली तरी नाव काही बदललं नव्हतं. तिने मेलेल्या माशांचे तुकडे नेले आणि काही आठवड्यांनी स्वतःच परत आली. फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, एवढंच म्हणाली.

मावशींच्या स्वयंपाकघरात तिघं बसले होते. मावशी, बोटुकली आणि काका. काका म्हणजे मावशींचे यजमान, शाळेतून निवृत्त झालेले गणिताचे मास्तर. ते घास इतका सावकाश चावत की त्यांचं ताट होईपर्यंत मावशींची भांडी घासून व्हायची.

"मावशी, तुझे सगळे मासे एकमेकांचे भाऊबहीण आहेत," बोटुकली म्हणाली. "नाहीतर चुलत. त्याच्या पलीकडचा एकही नाही."

"मग? गुण्यागोविंदाने नांदतात की."

"हसू नकोस गं. काका, तो तुमचा किल्ल्यांचा खण उघडा ना."

काकांच्या टेबलाच्या एका खणात कुठल्या कुठल्या किल्ल्या होत्या. विकलेल्या सायकलची, हरवलेल्या पेटीची, कशाची ते कुणालाच ठाऊक नसलेल्याही. मावशींनी तो खण फेकून द्यायची धमकी कितीदा तरी दिली होती. बोटुकलीने अख्खा खण टेबलावर उपडा केला.

"समज, तुला रोज दाराचं कुलूप उघडायचंय. तू म्हणालीस, ही किल्ली सगळ्यात पटकन लागते, हिच्याच नकला करू या. बाकीच्या दे टाकून. आता तुझ्याकडे ढीगभर किल्ल्या आहेत, पण सगळ्या एकच. आणि एके दिवशी कुणीतरी कुलूप बदललं."

काका घास तोंडात तसाच ठेवून बघत राहिले.

"बुरशी म्हणजे बदललेलं कुलूप. तुझ्या माशांकडे दुसरी किल्ली नव्हती. तू दरवर्षी पहिले आलेले घेतलेस. पहिले येणारे म्हणजे ठराविक घरचेच. त्यांची पिल्लं मोठी होऊन पुन्हा पहिलीच येणार, ती तू पुन्हा घेणार. शिवाय ते पाच नर एका पातेल्यात. अगं, पाच जणांनी एकदम हाका मारल्या तर ज्याचा आवाज मोठा त्याचीच ऐकू येते ना? तसं एकाचंच बीज लागतं. बाकीचे चार नुसते आले न् गेले."

"म्हणजे माझी घाई मी माशांनाही लावली," मावशी हळूच म्हणाल्या.

"तसं नाही गं..."

"तसंच आहे. नीट सांग. आता काय करायचं?"

तेव्हा बोटुकलीने खरी गोष्ट सांगितली. खालच्या तळ्यात लोक जे मासे धरतात त्यांचेही तुकडे तिने तपासले होते. त्यात काही परत्ये अगदी वेगळे निघाले. अंगाने लहान, पाठीला काळसर, वेगळ्याच घराण्याचे. हंगाम सरता सरता मागून येणारे असावेत. त्यांच्यातल्या काहींच्या अंगावर बुरशीचे जुने, भरलेले व्रण होते. म्हणजे बुरशी त्यांना चाटून गेली होती आणि ते तगले होते.

"हीच ती दुसरी किल्ली, मावशी. पण ते थोडेच आहेत आणि सगळे म्हातारे. तरणा एकही सापडला नाही. कितीतरी वर्षांत त्यांना पोरंच झालेली नाहीत. यंदा अंडी घातली गेली नाहीत, तर पुढे घालायला कोणी उरेल असं मला वाटत नाही."

म्हणून यंदा निम्म्या टाक्या रिकाम्या होत्या.

पहिली लाट आली तेव्हा मावशींनी दात-ओठ खाऊन मोजकेच मासे ठेवले. बाकीचे टँकरमध्ये घालून धरणाच्या वर सोडले. मांडीएवढे, चकचकीत, उड्या मारणारे मासे हातातून जाताना त्या दुसरीकडे बघायच्या. दुसरी लाट आली, तिलाही तेच. मग गर्दी ओसरली. सापळा उघडा होता, पाणी वाहत होतं, आणि मागून येणारा एकही मासा फिरकत नव्हता. मावशींना घरी गेल्यावर चैन पडेना. जेवता जेवता उठून त्या खिडकीशी जायच्या, जणू तिथून सापळा दिसणार होता. बोटुकलीला फोन करायच्या. "येतील, मावशी, त्यांची वेळ झाली की येतील," ती म्हणायची. मावशी फोन ठेवायच्या आणि पुन्हा उचलायच्या.

त्या दिवशी सकाळी साहेबांचा फोन आला. साहेब म्हणजे मुख्य कार्यालयातले अधिकारी.

"मावशी, निम्म्या टाक्या मोकळ्या असं ऐकतोय. तुमच्याकडे? माझा विश्वास बसेना."

"मागच्या माशांसाठी ठेवल्यात, साहेब."

"आलेत का ते?"

"अजून नाही."

"येतील कधी?"

मावशींनी आयुष्यात कधी 'माहीत नाही' असं उत्तर साहेबांना दिलं नव्हतं. ते त्या दिवशी द्यावं लागलं.

"हे बघा, या आठवड्याअखेर सापळा बंद करायचा. टाक्या भरल्या तर ठीक, नाहीतर मी त्या दुसऱ्या केंद्राला देतो. माझ्यावरही कुणीतरी बसलंय हो."

फोन ठेवला तोच जाळेवाला धावत आला. "मावशी, चला! सापळ्यात आलेत!"

मावशी गमबूट अर्धवट चढवून पळाल्या. सापळ्यात मासे होते, पण मांडीएवढे, चकचकीत. पहिल्याच घराण्यातले, रेंगाळलेले. मावशी पाण्याकडे बघत राहिल्या. हे एवढे मासे घेतले तर टाक्या भरणार होत्या. साहेब खूश, आठवड्याअखेरची टांगती तलवार गेली, आणि आज तरी घरी जाऊन पोटभर जेवता आलं असतं. जाळं त्यांच्या हातात केव्हा आलं ते त्यांनाही कळलं नाही.

"घेऊ?" जाळेवाल्याने विचारलं.

"वर सोड," मावशी म्हणाल्या. जाळं त्यांनी खाली ठेवलं नाही, अक्षरशः फेकलं. "लवकर सोड. माझं मन बदलायच्या आत."

नेमकी तेव्हाच शाळेची मुलं आली.

सहल आधी ठरलेली होती आणि मावशी ती साफ विसरल्या होत्या. एक बाई आणि त्यांच्यामागे दोन-दोनच्या रांगेतली, एकमेकांना ढोसत येणारी मुलं. मावशींना वाटलं, काहीतरी कारण सांगून परत पाठवावं. पण पुढच्या रांगेतल्या एका मुलीने नाक टाकीच्या काचेला इतकं दाबून धरलं होतं की ते चपटं झालं होतं, आणि मावशींना लहानपणची बोटुकली आठवली.

"बोला, काय बघायचंय?" त्या म्हणाल्या.

"मासे!"

"मांजर! बाई म्हणाल्या इथे मांजरी आहेत."

"आहेत की. पण हल्ली दिसत नाहीत कुठे." मावशींनी जाळेवाल्याकडे पाहिलं. "मांजरी कुठायत रे?"

"मागे, भिंतीपलीकडे. या दिवसांत तिकडेच पडलेल्या असतात. पुढे जेवायलाही येत नाहीत, एवढ्या माजल्यात."

मुलं हसली. मावशी त्यांना टाक्यांच्या मधून नेत समजावून सांगू लागल्या. मुलांना काही समजावायचं म्हणजे घाई करून चालत नाही. एक पायरी गाळली की सगळी रांग अडते आणि कुणीतरी हात वर करतंच. मावशींना हे जड गेलं, पण बोलता बोलता त्यांच्या नकळत त्यांचा आवाज खाली आला.

"मासा एवढ्या लांबून परत येतो. त्याला वाट कशी सापडते? तिथे पाट्या लावल्यात का?"

"नाही!"

"त्याचे बाबा सांगतात."

"त्याचे बाबा नसतात बरोबर. तो वासाने येतो. प्रत्येक पाण्याला आपला वास असतो. तुम्हाला डोळे बांधून घरात सोडलं तर स्वतःचं घर ओळखाल की नाही?"

"याच्या घराचा तर मला रस्त्यावरूनच येतो," एक जण म्हणाला आणि शेजाऱ्याचा गुद्दा खाल्ला.

"तसंच. ज्या पाण्यात अंड्यातून बाहेर आला त्याचा वास त्याच्या डोक्यात पक्का बसतो. मोठे मासे मुख्य नदीचे. म्हणून ते धरणाशी येतात. आम्ही ज्यांची वाट बघतोय ते काळसर मासे बहुतेक ओढ्याचे. तिकडे, त्या पुलाखालून येऊन इथेच धरणाखाली नदीला मिळतो ना, त्या ओढ्याचे. म्हणून तेही सापळ्याशीच येतील."

चपट्या नाकाच्या मुलीने हात वर केला. "पण तो ओढा तर कोरडा आहे."

"कोरडा नाही गं."

"आहे. आमची बस पुलावर थांबली होती. नुसते दगड आहेत. हो ना बाई?"

"हो, नदीजवळ तरी कोरडाच आहे," बाई म्हणाल्या.

"अगं, वर पाणी आहे," मावशी म्हणाल्या. "चांगलं स्वच्छ, गार पाणी आहे. ते पाइपाने आम्ही इकडे आणतो, या मोठ्या माशांच्या टाक्यांत. अंडी तेवढी नदीच्या गाळलेल्या पाण्यात उबवतो. या दिवसांत ओढा बारीक असतो, म्हणून खाली उतरायला उरत..."

आणि त्या थांबल्या.

तो पाइप त्यांनीच आणवला होता. नदीचं पाणी गढूळ यायचं म्हणून त्यांनी कार्यालयाचा पिच्छा पुरवला होता आणि हंगाम सुरू व्हायच्या आत घाईघाईने पाइप टाकून घेतला होता. सगळ्यांनी पाठ थोपटली होती. मुलगी त्यांच्या तोंडाकडे बघत होती. तिचं अजून संपलं नव्हतं.

"मग ते मासे ओढ्याचा वास शोधत इथे येतील का? या टाक्यांत?"

"टाक्यांत कसे येतील? टाक्यांतून पाणी बाहेर जातं ते..." मावशींनी वळून मागच्या भिंतीकडे पाहिलं. "मागे जातं."

पुढे काय झालं ते मुलं शाळेत परत गेल्यावरही सांगत राहिली. मावशी पळाल्या. टाक्यांच्या मधून, यंत्रघरातून, मागच्या दारातून, गमबूट फटाफट वाजवत. मागे जाळेवाला, त्याच्यामागे सगळा वर्ग आणि "रांग! रांग मोडू नका!" असं ओरडत बाई.

केंद्राच्या मागे टाक्यांचं वापरलेलं पाणी एका चरातून नदीला मिळायचं. चराच्या तोंडाशी लोखंडी जाळी होती आणि दोन्ही बाजूंनी माणूसभर उंच गवत माजलेलं. तिकडे कुणाचं कामच नसायचं. हंगामात सगळी माणसं पुढे, सापळ्याशी. टाक्या भरल्या की आत, अंड्यांशी. गवताच्या कडेला तीन मांजरी उन्हात पसरल्या होत्या, पोटं टम्म फुगलेली. एकीच्या पंजाखाली माशाचं शेपूट होतं.

मावशींनी गवत बाजूला केलं.

जाळीपाशी पाणी काळं दिसत होतं. पाणी काळं नव्हतं. त्या पाठी होत्या. वीत-सव्वा वीत लांबीचे, काळसर परत्ये जाळीला तोंड लावून प्रवाहात उभे होते. मधूनच एखादा उसळी घ्यायचा, जाळीवर आपटायचा आणि मागे वाहून जायचा. पुन्हा यायचा. कित्येकांची नाकाडं सोलवटून पांढरी पडली होती. दोन मेलेले मासे जाळीच्या गजांत अडकले होते.

"हे होय?" जाळेवाला म्हणाला. "मावशी, हंगाम सरल्यावर चर साफ करताना हे तर दरवर्षी सापडतात मेलेले. मला वाटायचं, आपल्याच टाकीतली मरतुकडी पिल्लं निसटलीत. मीच काढून मांजरींना..."

"मलाही तसंच वाटलं असतं," मावशी म्हणाल्या.

त्यांना बोटुकलीचं वाक्य आठवलं. तरणा एकही नाही, कितीतरी वर्षांत पोरं नाहीत. कसं असणार? पाइप आला त्या वर्षापासून हे मासे दरवर्षी घरी येत होते, आणि घराचा वास एका बंद जाळीतून येत होता. डोकं आपटून आपटून काही मेले, बाकीचे अंडी पोटात घेऊन परत गेले. आणि भिंतीच्या अलीकडे मावशी टाक्या लवकर भरल्या म्हणून मिरवत होत्या.

चपट्या नाकाच्या मुलीने विचारलं, "आता यांना घरी कोण नेणार?"

मावशींच्या डोक्यात पहिला विचार आला तो त्यांच्या स्वभावाचाच होता. जाळं टाका. सगळे उचला, रिकाम्या टाक्या भरा, आजच्या आज पातेली मांडा. तासाभरात काम फत्ते. साहेबांना फोन. त्यांचा हात जाळ्यासाठी मागे गेला, जाळेवाल्याने जाळं पुढे केलं, आणि मावशींनी तो हात परत घेतला. असे एका झपाट्यात उपसले, की पुढच्या वर्षी यांचीही गत तीच. टाकीत जन्मलेल्या माशाला घर म्हणून नदीचाच वास येणार. आणि ओढा कोरडा तो कोरडाच.

"थोडे घेऊ," त्या म्हणाल्या. "हाताने. ज्यांची नाकं फुटलीत ते. ते काही वर चढायचे नाहीत. बाकीच्यांना हात लावायचा नाही."

"आणि बाकीचे जाणार कुठे?"

मावशी चराच्या कडेने वर गेल्या. तिथे पाइपाची मोठी झडप होती. तिचं चाक गंजलं होतं. फिरवायला जोर लागत होता. जाळेवाला मागोमाग आला.

"मावशी, ही फिरवली तर टाक्यांत ओढ्याचं पाणी बंद. नदीच्या गढूळ पाण्यावर निम्म्या टाक्याही चालायच्या नाहीत."

"ठाऊक आहे."

"साहेब?"

"साहेबांना मी सांगते. तू हात लाव."

दोघांनी मिळून चाक फिरवलं. यंत्रघरातला खळखळाट हळूहळू बसला, आणि इतकी वर्षं त्या आवाजात वावरलेल्या मावशींना कान बंद झाल्यासारखं वाटलं.

मुलं गेली. मग नाकं फुटलेले मासे आत आणून मावशींनी टेबलावर पातेली मांडली, या वेळी प्रत्येक जोडीला वेगळं पातेलं. एक मादी, एक नर, एक पातेलं. दुसरी मादी, दुसरा नर, दुसरं पातेलं. प्रत्येक वेळी हात धुवायचे, पीस बदलायचं. काम पुढे सरकेना. दोनदा त्यांच्या बोटांनी सवयीने दोन पातेली एकत्र करायला घेतली आणि दोनदा त्यांनी स्वतःलाच दटावलं. "शहाणे, दम धर." बोटुकलीला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मी निघालेय." साहेबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "लेखी पाठवा. आणि मावशी, तुम्ही पहिल्यांदाच काहीतरी बंद केलंत." त्यात राग किती आणि दुसरं काय, ते मावशींना कळलं नाही.

ऊन उतरताना त्या ओढ्याच्या मुखाशी गेल्या, जिथे तो नदीला मिळतो. काका आधीच तिथे एका दगडावर बसले होते. शेजारी थर्मास.

"आलं?" मावशींनी विचारलं.

"येतंय."

दगडांमधून पाणी येत होतं, पण कसं? एखादा खळगा भरायचा, मग काठावरून ओघळायचं, मग पुढचा खळगा. मावशींना वाटलं, फावडं आणावं आणि मधले दगड उपसावेत. त्या दोनदा उठल्या. दोनदा काकांनी नुसता कप पुढे केला.

"अहो, चरातलं ओढ्याचं पाणी तर बंद झालं. ते मासे आता गोंधळतील. परत तळ्याकडेच वळले तर?"

"वळतील. किंवा नाही वळणार."

"तुम्हाला काहीच कसं होत नाही हो?"

"होतं की," काका म्हणाले. "मी फक्त बसून होऊ देतो."

शेवटचा खळगा भरला आणि ओढ्याचं पाणी नदीत उतरलं. बारीक, दोन हात रुंद. मावशी पाण्याकडे बघत राहिल्या. काही नाही. एक बगळा आला, कंटाळून गेला. मग नदीच्या पाण्यात, अगदी कडेला, एक काळी रेघ थांबली. थांबली आणि मागे गेली. पुन्हा पुढे आली. ओढ्याच्या पाण्याला नाक लावून ती तिथेच हलत राहिली. ना आत, ना बाहेर.

मावशींचा गुडघा थडथडत होता. हाकलावं, टाळी वाजवावी, हाताने धरून आत ढकलावं, असं त्यांच्या अंगभर होत होतं. त्यांनी दोन्ही हातांनी तो गुडघा दाबून धरला.

मासा एकदम वळला आणि पाठ पाण्याबाहेर काढून, दगडांना पोट घासत, आत शिरला.

"गेला!" मावशी पुटपुटल्या. "अहो, गेला!"

काकांनी कप खाली ठेवला. नदीच्या कडेला दुसरी रेघ आली होती. ती थांबली होती. तिच्यामागे, जरा अंतर ठेवून, आणखी एक. मावशींनी गुडघा सोडला नाही.